माझ्या हातची वायर

तीन आठवडे मी दिसेल त्या माणसावर ओरडत होतो. इंटरनेटवाल्यावर ओरडलो, दुकानदारावर ओरडलो, बायकोवर ओरडलो, पाण्याच्या मोटरवर ओरडलो. सुनेच्या मॅनेजरवरही ओरडलो; तो खराडीत बसलेला आणि मी बिबवेवाडीत, त्यामुळे त्याला ऐकू गेलं नाही एवढंच. कारण एकच. खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर नेलेलं इंटरनेट दिवसातून दहादा तुटायचं, आणि ते कशाने तुटतं हे मला सापडत नव्हतं. मला, म्हणजे बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात केबलचे जोड बांधलेल्या माणसाला. आजही तो विषय निघाला की माझं डोकं फिरतं. फक्त आता ते दुसऱ्या कोणावर फिरत नाही.

घर आमचं साधं. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि एक खोली, वर गच्चीवर नंतर बांधलेली मोठी खोली. खाली मी आणि बायको, वर मुलगा आणि सून. मुलगा गुजरातेत एका कारखान्याच्या उभारणीवर आहे, महिन्यातून एकदा तोंड दाखवतो. म्हणजे वर सून एकटीच. ती वर्ध्याची. शिकायला पुण्यात आली, इथेच नोकरीला लागली, इथेच लग्न झालं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून त्यांना सांगायच्या, हे तिचं काम. आठ वर्षं एकाच कंपनीत काढली तिने, आणि त्या वर्षी तिच्या हाताखाली माणसं द्यायची असं वरच्यांचं ठरलं होतं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती स्कूटरवरून घरी येत होती. आमच्याच भागात कोणीतरी आपल्या दारापुढे रातोरात एक गतिरोधक घातला होता. त्यावर ना रंग ना पट्टा. तिची स्कूटर त्यावरून उडाली, ती पडली नाही, पण मणक्यातली गादी सरकली. डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला, कडक गादी सांगितली आणि तीन महिने कुठल्याही वाहनात बसायचं नाही असं बजावलं. पुन्हा धक्का बसला तर ऑपरेशन, असं स्पष्ट सांगितलं. तो गतिरोधक कोणी घातला ते शोधायला मी दोन दिवस गल्लीत हिंडलो. कोणीही कबूल झालं नाही. पुण्यात गतिरोधक आपोआप उगवतात.

कंपनीने तीन महिने घरून काम करायला परवानगी दिली, पण अटीवर. मीटिंगला वेळेवर हजर राहायचं, आवाज तुटता कामा नये. जमत नसेल तर ऑफिसला यायचं, तेही जमत नसेल तर बिनपगारी रजा घ्यायची, आणि हाताखाली माणसं वगैरे विसरायचं. मॅनेजरने हे सगळं फार गोड भाषेत लिहून पाठवलं होतं. सुनेने ते मला वाचून दाखवलं तेव्हा मी म्हणालो, ‘लाइनची काळजी तू करू नकोस. लाइन माझ्याकडे लागली.’

वर वायफाय पोचत नव्हतं. मधला स्लॅब मीच उभं राहून घालून घेतलेला, त्यात लोखंड भरपूर. म्हणून वायर न्यायची ठरलं. हॉलमध्ये राउटर, त्याच्याशेजारी एक स्विच. स्विच म्हणजे बटण नव्हे. एका वायरीतून आलेलं इंटरनेट पाच-सहा वायरींत वाटून देणारी पत्र्याची छोटी डबी. तशीच दुसरी डबी सुनेच्या टेबलाखाली, तिथून तिच्या लॅपटॉपला आणि ऑफिसच्या फोनला. दोन डब्यांच्या मध्ये तीस मीटर वायर: हॉलच्या खिडकीतून बाहेर, मागच्या भिंतीवरच्या पाइपातून वर, आणि तिच्या खोलीत. मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, कोणालातरी बोलावून करून घ्या. मी फोन बायकोकडे दिला.

कोणालातरी म्हणजे कोणाला? या शहराच्या पेठांमध्ये जमिनीखाली काय आहे ते मला विचारा. खड्ड्यात उकिडवं बसून, डोक्यावर छत्री धरून, शेकडो जोड्यांची केबल मी जोडलेली आहे. चार वायरी सरळ धरता न येणारी माणसं आज गळ्यात ओळखपत्र घालून फिरतात. आमच्या वेळी केबलचे रंग पाठ नसतील तर खड्ड्यात उतरू देत नसत. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी. प्रत्येक रंगाच्या वायरीला तिची पांढरी जोडीदारीण, दोघी एकमेकींना पीळ घालून. जोडाची बांधणी पाहून तो कोणाचा हात आहे हे वरिष्ठ ओळखायचे, आणि माझा हात ओळखला की पुढे तपासायचे नाहीत.

तर वायर मीच टाकली. एका जुन्या सहकाऱ्याकडून टोकं दाबायचा चिमटा आणला. टोकाला पारदर्शक प्लास्टिकची खुंटी असते, तिच्यात आठ तारा ओळीने बसवायच्या आणि चिमटा दाबायचा. मी बसवल्या. पहिली निळी जोडी, मग नारिंगी, मग हिरवी, मग तपकिरी. वरच्या टोकाला तसंच, खालच्या टोकाला तसंच. मग तपासायचं यंत्र लावलं. त्याला आठ दिवे असतात. एकेक तार ठीक असेल तर एकेक दिवा क्रमाने लागतो. आठच्या आठ लागले. मी बायकोला हाक मारून दाखवले. ती म्हणाली, ‘अहो, हात पिठाचे आहेत,’ तरी येऊन बघून गेली.

पहिल्याच सोमवारी सून जिना उतरून हॉलमध्ये आली, एक पायरी, मग दुसरी, कठड्याला धरून. म्हणाली, बाबा, मीटिंगमध्ये दोनदा बाहेर फेकली गेले. मी वर जाऊन डबी पाहिली. दिवा हिरवा होता, बघता बघता नारिंगी झाला, मग गेला, मग परत हिरवा. खाली राउटर ठणठणीत. म्हणजे गडबड दोन डब्यांच्या मध्ये किंवा डब्यांमध्ये. मी इंटरनेटवाल्या कंपनीला फोन लावला आणि पाऊण तास त्यांचं संगीत ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस आला. चाळिशीचा, शांत. त्याने खाली लॅपटॉप लावून पाहिला, सगळं नीट. वर गेला, पाच मिनिटांत दोनदा लाइन गेलेली त्याने पाहिली. मग माझ्या वायरीचं टोक उपसलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि म्हणाला, ‘काका, ही टोकं कोणी मारलीत? रंगांचा क्रम वेगळा आहे. परत मारून घ्या.’

‘मी मारलीत,’ मी म्हणालो. ‘तुम्ही पाटी घेऊन शाळेत जात होतात तेव्हापासून मारतोय. शिकवणीची फी वेगळी घेता का?’

त्याने टोक परत जागेवर खोचलं. म्हणाला, राहू द्या मग. माझा आवाज त्यानंतर चढला. मी त्याला जिन्यातून, हॉलमधून आणि फाटकापर्यंत सोडायला गेलो, म्हणजे ओरडत गेलो. आमच्या समोरच्यांनी खिडकी उघडली. सून जिन्याच्या वळणावर उभी होती, तिच्याजवळून जाताना तो हळू आवाजात काहीतरी बोलला. मी त्याच्या कंपनीला किती वाईट शब्दांत तक्रार लिहायची याची जुळवाजुळव करत होतो, त्यामुळे लक्ष दिलं नाही.

त्याच आठवड्यात जेवताना सुनेने विषय काढला. अगदी सहज, भाकरीचा तुकडा मोडता मोडता. ‘बाबा, एक तयार वायर मागवून बघायची का? दोन्ही टोकं कारखान्यातच लावलेली येतात.’

मी ताटावरून उठलो. ताटात गरम भाकरी होती, पिठलं होतं, आणि मी हात धुतले. दोन दिवस वेगळा जेवलो, बायकोने ताट खोलीत आणून ठेवायचं आणि मी ते अर्धं टाकायचं. साठी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही हे मला माहीत होतं. पण मला तेव्हा खरंच राग आला होता. कारखान्यातली वायर! माझ्या घरात, माझ्या हातची वायर असताना! तयार वायरीचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. मी समजलो, पटलं.

मग मी पद्धतशीर शोध सुरू केला. खात्यात आम्हाला शिकवलं होतं की दोष शोधताना लाइन मधोमध तोडायची, दोन्ही अर्धे तपासायचे, ज्या अर्ध्यात दोष असेल त्याचा परत मध्य काढायचा. असं करत करत माणूस नेमक्या हातभर जागेवर पोचतो. मी ते केलं. फक्त वायर सोडून केलं. माझा जोड तपासायचा नसतो, ही सवय इतकी मुरलेली की ती सवय आहे हेही माझ्या लक्षात आलं नाही.

आधी डब्यांची अदलाबदल केली. वरची खाली, खालची वर. दोष तसाच. म्हणजे दोन्ही डब्या खराब, असा मी निष्कर्ष काढला. एखाद्या शिकाऊने माझ्यापुढे असा निष्कर्ष काढला असता तर मी त्याला खड्ड्यात उभं केलं असतं. बुधवार पेठेतल्या दुकानात गेलो. दुकानदाराने दोन्ही डब्या माझ्यासमोर लावून दाखवल्या, दोन्ही छान चालल्या. तो म्हणाला, काका, माल चांगला आहे. मी म्हणालो, तुमच्या काउंटरवर सगळ्यांचाच माल चांगला असतो. त्याच्याशी भांडून वेगळ्या बनावटीच्या दोन डब्या आणल्या. मंडईपाशी लावलेली गाडी तेवढ्यात कोणीतरी दुसऱ्या तीन गाड्यांनी कोंडून ठेवलेली होती, तिथेही भांडलो. घरी येऊन नव्या डब्या लावल्या. दुपारपर्यंत ठीक चाललं, आणि चार वाजता वरून सुनेचा आवाज आला, ‘हॅलो? हॅलो? ऐकू येतंय का?’ ते ‘हॅलो’ ऐकलं की माझ्या मस्तकात तिडीक जायची.

मग मोटर सापडली. खालच्या टाकीतलं पाणी वर चढवायला मोटर लावली की वरचा दिवा हमखास जायचा. मला आनंद झाला. मोटरची विजेची वायर त्याच पाइपातून गेली होती. मी फर्मान काढलं की सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मोटर लावायची नाही. बायको म्हणाली, अहो, नळाला पाणी सकाळी येतं, खालची टाकी भरायच्या आत वरची संपते. मी म्हणालो, मग बादल्या भरून ठेवा. तिने भरल्या. साठीची बाई दोन दिवस जिन्यावरून बादल्या नेत होती, कारण कमरेचा पट्टा लावलेली सून वर होती आणि नवरा खाली दिव्याकडे बघत बसला होता. तिसऱ्या दिवशी मी शिडी लावून इंटरनेटची वायर पाइपातून काढली आणि भिंतीवरून वेगळी नेली. थोडा फरक पडला, पण दोष गेला नाही.

मी एक वही घातली. खात्यात असायची तशी: तारीख, वेळ, दोष, कारण. सुनेला सांगितलं की लाइन गेली की मला हाक मार. आणि काय आश्चर्य, दुसऱ्या आठवड्यापासून हाका कमी झाल्या. सकाळी दहा ते एक तर एकही नाही. त्या वेळात मी घरी नसतो. पेन्शनरांच्या संघटनेच्या कार्यालयात लोकांचे अर्ज भरून द्यायला जातो. परत आलो की बायकोला विचारायचो, आज किती वेळा? ती म्हणायची, आज नाही गेली. दुपारी मी आडवा झालो की तेव्हाही ठीक. संध्याकाळी मात्र मी हॉलमध्ये बसलेलो असताना लाइन जायचीच. मी वहीत लिहिलं: सकाळी भार कमी, संध्याकाळी जास्त. वर दोनदा अधोरेखित केलं. आज ती वही काढून बघितली की वाटतं, कोणीतरी शेजारी बसून हे वाचून दाखवायला हवं होतं. मी त्यालाही ओरडलो असतो, हे वेगळं.

असं करत तो शुक्रवार आला. त्या दिवशी अकरा वाजता सुनेची मोठी मीटिंग होती. कंपनीचे परदेशातले ग्राहक असणार होते, मॅनेजर असणार होता, आणि त्या वर्षात तिने काय केलं ते तिला त्यांच्यापुढे मांडायचं होतं. हाताखाली माणसं द्यायची की नाही तेही त्यावरच ठरणार होतं. आदल्या दिवशी ती वरच्या खोलीत एकटीच बोलून सराव करत होती. मी ठरवलं, उद्या मी कुठेही जायचं नाही. मोटरच्या बटणाशी मी स्वतः बसणार, डबीशी मी स्वतः बसणार, आणि कोणी बेल वाजवली तर त्याचं काय करायचं तेही मी बघणार.

सकाळी नऊला मी खुर्ची हॉलमध्ये आणून ठेवली. बायकोने विचारलं, आज संघटनेत नाही का? मी म्हणालो, नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि परत आली. म्हणाली, मंडईत जाऊन सुरण आणता का? मी म्हणालो, मार्केट यार्ड हाकेच्या अंतरावर असताना माणूस सुरणासाठी मंडईत जातो का? ती म्हणाली, मग यार्डात जा. मी म्हणालो, आज सुरणावाचून कोणाचं अडलंय? साडेदहाला ती परत आली आणि तिच्या बहिणीकडे डबा पोचवायचाय म्हणाली. मला संताप आला. एक दिवस माणूस घरात बसून घरासाठी काहीतरी करतोय, तर याला कुठे पिटाळू असं चाललंय. मी तेवढ्याच आवाजात हे तिला सांगितलं.

मग सून खाली आली. तिने चांगली साडी नेसली होती, कमरेचा पट्टा साडीखालून दिसत होता. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबून म्हणाली, ‘बाबा, तुम्ही जा ना आपले रोजच्यासारखे. आम्ही बघतो इथलं.’

‘आज मी हलणार नाही,’ मी म्हणालो. ‘तू निर्धास्त बोल.’

तिने बायकोकडे बघितलं. मग कठडा धरून वर गेली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी डबीवरचा दिवा गेला. मी मोटरकडे पाहिलं, मोटर बंद. दिवा आला, परत गेला. वरून तिचं ‘हॅलो’ ऐकू आलं, मग इंग्रजीत माफी मागताना ऐकू आली, मग परत ‘हॅलो’. मी डबीची पिन काढून लावली, वायर हलवली, डबीवर थापट मारली. डोळ्यांपुढे तो दिवा लागत होता, विझत होता, आणि मी हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन जोरजोरात त्या दुकानदाराचा उद्धार करत होतो. आता वाटतं, तो उद्धारही तिच्या मीटिंगमध्ये ऐकू गेला असेल, जेवढा वेळ लाइन चालू होती तेवढा वेळ. पाऊण तासाने वर सगळं शांत झालं.

बायको वर गेली, मीही मागोमाग गेलो. सून पलंगावर पालथी पडली होती, साडी तशीच. बायकोला सांगत होती की मॅनेजरचा निरोप आला, सोमवारपासून ऑफिसला या. ‘आई, बसणंच नाही होऊन राहिलं,’ असं काहीतरी ती म्हणाली. मला दारात पाहिल्यावर ती उठून बसायला लागली.

मी खालूनच चढवलेला आवाज अजून उतरला नव्हता. मी म्हणालो, त्या मॅनेजरला माझ्याशी बोलायला सांग. मी म्हणालो, ही कंपनी बदल. मी म्हणालो, उद्याच्या उद्या मी ग्राहक मंचात जातो आणि त्या इंटरनेटवाल्याला... तेव्हा बायकोने कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात घडी घातलेल्या चादरी होत्या, त्यांच्यामागून तिने वायरीचं एक भेंडोळं काढलं. पिवळ्या रंगाची, दोन्ही टोकांना कारखान्यातून लावलेल्या खुंट्या. तिने ते पलंगावर ठेवलं.

तिने सांगितलं ते असं. तो चाळिशीचा माणूस जाताना सुनेला म्हणाला होता की तयार वायर मागवा. तिने विचारून पाहिलं तेव्हा मी ताटावरून उठलो. मग तिने न विचारता मागवली. रोज दहाला मी फाटकाबाहेर पडलो की बायको वरच्या डबीतून माझी वायर काढायची, ही लावायची, जिन्यावरून खाली सोडायची आणि खालच्या डबीत खोचायची. बाराला पोळ्यांचा तवा उतरवला की ती आवरायला घ्यायची, म्हणजे मी येईपर्यंत भेंडोळं कपाटात. दुपारी मी झोपलो की परत तेच. सून महत्त्वाच्या मीटिंगा त्या वेळांत बसवायची. कधी एकदाही लाइन गेली नव्हती.

मी संतापलो. खरं सांगतो, पहिली भावना तीच होती. माझ्याच घरात, माझ्यापासून, दोघीजणी कपाटात वायर लपवतात! मी विचारलं, ‘मग आज का नाही लावली?’

‘तुम्ही घरात होतात,’ बायको म्हणाली.

सून खाली बघत होती. तिच्या मांडीवर पदराचं टोक होतं, ते ती गुंडाळत होती. मी ते भेंडोळं उचललं आणि खाली आलो.

खिडकीशी उभं राहून त्या पिवळ्या वायरीचं टोक आणि माझ्या वायरीचं टोक शेजारी शेजारी धरलं. माझ्यात चार जोड्या ओळीने उभ्या. कारखान्याच्या टोकात तसं नव्हतं. तिथे निळी जोडी मधोमध बसवलेली आणि हिरव्या जोडीच्या दोघी तिच्या दोन बाजूंना, तिसऱ्या आणि सहाव्या जागेवर. या इंटरनेटच्या खुंटीत तिसरी आणि सहावी मिळून एक जोडी असते. मी तिसरीत नारिंगी घातली होती आणि सहावीत हिरवी. म्हणजे वेगवेगळ्या जोड्यांतल्या दोघींना एकत्र कामाला लावलं होतं. दोन्ही टोकांना सारखीच चूक, म्हणून यंत्राचे आठही दिवे लागले. करंट जात होता. पण जोडीचा जो पीळ बाहेरचा गोंगाट अडवतो, तो पीळच उपयोगाचा राहिला नव्हता.

याला आमच्या खात्यात स्प्लिट म्हणायचे. जोडी फुटली. जोडी फुटली की एका घरचं बोलणं दुसऱ्या घरी ऐकू जातं. स्प्लिट करणाऱ्या जॉइंटरला, म्हणजे जोड बांधणाऱ्याला, मी चारचौघांत सोलून काढायचो. एकाला तर मी असं बोललो होतो की त्याने दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली. मी त्याला काय म्हणालो होतो ते मला शब्दन् शब्द आठवतं. खिडकीशी उभा राहून मी ते सगळं मनातल्या मनात स्वतःला म्हटलं. पण स्वतःला ओरडताना घसा बसत नाही, म्हणून ते पुरेसं होत नाही.

शनिवारी मी दोन्ही टोकं कापली आणि नव्या क्रमाने मारली. पाच मिनिटांचं काम होतं. दिवसभर डबीजवळ बसलो, मोटर मुद्दाम दोनदा लावली. काही झालं नाही. मी वर जाऊन सुनेला म्हणालो, मॅनेजरला लिही की दोष सापडला, दुरुस्त झाला, चूक घरच्या माणसाची होती. माझं नाव घालून लिही. ती म्हणाली, बाबा, मी त्यांना येते म्हणून कळवून टाकलंय. मी म्हणालो, मग परत कळव. ती म्हणाली, नको आता. त्यांनी आधी दोनदा ऐकून घेतलं होतं. मी पुढे काही बोलायला तोंड उघडलं तर ती लगेच म्हणाली, ‘लिहिते बाबा, लिहिते.’ लिहिलं नसणार, मला माहीत आहे.

सोमवारी साडेसातला कंपनीची गाडी आली. बायकोने सीटवर उशी ठेवली. सून आधी बसली, मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी फाटकात उभा होतो.

घरात बसवेना. संघटनेत जाववेना. खात्यात असताना दोष सापडला नाही की आम्ही लाइन चालत जायचो, खांबाखांबाने, टोकापर्यंत. दहाच्या सुमाराला मी बसमध्ये बसलो आणि खराडीला तिच्या ऑफिसपर्यंत जाऊन आलो. मुद्दाम शेवटच्या सीटवर बसलो. येरवड्यापर्यंत मी समोरच्या दांडीला एका हाताने धरलं होतं, त्याच्या पुढे दोन्ही हातांनी. एका खड्ड्याच्या धक्क्याने माझी टोपी पडली. उतरलो तेव्हा माझी चांगली कंबर भरून आली होती, आणि मी रस्त्याच्या कडेला उभा राहून खूप वेळ शिव्या देत होतो. ऐकणारं कोणी नव्हतं. परतीच्या बसने घरी आलो आणि कुठे गेलो होतो ते कोणाला सांगितलं नाही.

सून संध्याकाळी साडेसातला आली. बायकोने गरम पाण्याची पिशवी करून दिली. मी वर गेलो, दाराशीच थांबलो. ती कुशीवर पडली होती, चेहऱ्यावरचा रंग उतरलेला. मी जमेल तितक्या हळू आवाजात विचारलं, ‘खूप दुखतंय का ग?’

‘नाही हो बाबा,’ ती म्हणाली. ‘येरवड्याच्या पुढचा रस्ता आता किती छान केलाय. कळलंसुद्धा नाही.’

मी बरं म्हणालो आणि खाली आलो.